आज्ञा देवाची, हुकूम माणसांचे

उपवासकाळ सुरू झाला की आमच्या नगरच्या मंडळीत आज्ञापालनावरचे संदेश वाढतात. अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगर कसा चढला, योना कसा पळाला आणि कसा परतला, शौलाचं राज्य कशामुळे गेलं, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पुढे शाळेतली नोकरी सांभाळून संडे स्कूलमध्ये मुलांना सांगतही आले. या गोष्टींवर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच हल्ली त्यांचा जो उपयोग होतो त्याबद्दल बोलणं भाग आहे. संदेशाची सुरुवात देवाच्या आज्ञेने होते आणि शेवट होतो तो पाळकांचं ऐका, कमिटीला उलट प्रश्न विचारू नका, दशांश चुकवू नका, घरातल्या पुरुषाचा शब्द मोडू नका, इथे. मधल्या कुठल्या वाक्यात देव उठला आणि त्याच्या जागी माणूस बसला, हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

देवाशी विश्वासू राहणं ही ख्रिस्ती आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मी मानते. पण ती दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. पाळक वाट दाखवतील, मंडळी सोबत करेल. चालायचं मात्र ज्याचं त्यानेच, आणि किंमत मोजायची तीही ज्याची त्यानेच. आपल्या महाराष्ट्रात हे ज्या बाईने जगून दाखवलं, तिचं नाव आम्ही दरवर्षी भाषणांत घेतो. तिने केलं काय ते मात्र मंडळीतल्या तरुणांना फारसं सांगत नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वॉन्टेज इथल्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात झाला. आईवडील दुष्काळाने गेले होते, भाऊ गेला होता, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा कॉलऱ्याने गेला होता. पदरात लहानगी मनोरमा. परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर राहणारी एकटी विधवा. अशा बाईने आश्रय देणाऱ्यांचं मुकाट ऐकावं, अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार. रमाबाईंनी ऐकलं नाही. त्रैक्याचा सिद्धांत पटल्याशिवाय तो कबूल करायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा आक्षेप हिंदुस्थानातल्या बिशपांनी घेतला, तेव्हा त्यांनी त्याचा कडक प्रतिवाद केला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, असंही विचारलं. मठातल्या ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या आईसारखं मानत, त्यांनाच त्यांनी लिहिलं की पुरोहितांच्या जोखडातून मी नुकतीच मान सोडवून घेतली आहे, ती दुसऱ्या तसल्याच जोखडात घालण्यासाठी नाही. तो पत्रव्यवहार आज छापून उपलब्ध आहे. तो वाचताना मला दर वेळी जाणवतं ते हे, की या बाईला देवाची आज्ञा मोडायची भीती इतकी होती की माणसांची भीती वाटायला तिच्यात जागाच उरली नव्हती.

आणि हे एका बाजूचं नव्हतं. त्या मायदेशी परतल्या, 1889 साली मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांना तिथे शिक्षण मिळायचं, धर्माची सक्ती नव्हती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये त्यावरून पुण्यात वादळ झालं. रानडे आणि भांडारकरांसारखी, ज्यांचा त्यांना आधार होता अशी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्यांनी ते लावलं नाही.

चार वर्षांनी पुण्यात प्लेगचा कहर असताना प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी आबाळ चालली होती, तिच्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती राजवटीचं होतं आणि रमाबाई ख्रिस्ती. सरकारची बाजू घेणं किंवा निदान गप्प बसणं, ही त्यांच्याकडून सोयीची अपेक्षा होती. पत्र छापून आलं आणि त्याची दखल थेट गव्हर्नरला घ्यावी लागली. हिंदू सुधारक दुरावले तरी चालेल, अँग्लिकन गुरुणी दुखावल्या तरी चालेल, गोरं सरकार चिडलं तरी चालेल, अशी ही बाई. तिला हट्टी म्हणणारे तेव्हाही होते. मी तिला आज्ञाधारक म्हणते.

आता यावर एक रास्त शंका येते, आणि ती झटकून टाकणं बरं नाही. मला देवाने सांगितलं, असं कोणीही म्हणू शकतं. गावोगावच्या मंडपांतून माईक हाती घेऊन म्हणणारे आज कमी नाहीत. बायपासजवळचा प्लॉट घे, असं देवाने सांगितलेलं असतं. नवी गाडी हा आशीर्वाद असतो. आजारी माणसाने गोळ्या बंद करणं हा विश्वास ठरतो. मग रमाबाईंचा आवाज खरा आणि यांचा खोटा, हे कशावरून?

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात यावर एक खूण सापडते. शौलाने युद्धातली लूट ठेवू नये, अशी देवाची आज्ञा होती. त्याने धट्टीकट्टी मेंढरं ठेवून घेतली आणि शमुवेल समोर आल्यावर सांगितलं, ही देवाला अर्पण करायची आहेत. (त्या आज्ञेतला माणसांचा संहार वाचताना माझं मन अजूनही थबकतं, आणि ते थबकावं असंच मला वाटतं.) शमुवेलाला मेंढरांचं बेंबाटणं ऐकू येत होतं. देवाचं नाव घेऊन ठेवलेली लूट गप्प बसत नाही. तेव्हा कोणी देवाची आज्ञा सांगू लागला की मी आधी एवढंच बघते: या आज्ञेतून मेंढरं कुणाच्या गोठ्यात जातायत?

रमाबाईंच्या बाबतीत हे तपासायला दौंडजवळच्या केडगावला जावं लागतं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमार काय असते हे त्यांना पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. आईबाप डोळ्यांदेखत गेले होते. रस्त्याकडेला टाकलेल्या, दलालांच्या हाती लागू पाहणाऱ्या मुली आणि बायका त्यांनी शेकड्यांनी उचलून आणल्या. केडगावच्या उघड्या माळावर, शेताच्या तुकड्यावर त्यांना आसरा दिला. तेच मुक्ती मिशन. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, माग आले, अंध बायकांना वाचायला शिकवलं गेलं, छापखाना आला.

त्या छापखान्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. मराठीत पवित्र शास्त्र होतंच, पण रमाबाईंना वाटलं की ते केडगावच्या बायकांना कळत नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या वयात त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि मूळ भाषांवरून सोप्या मराठीत सगळं शास्त्र उतरवायला लागल्या. ज्यांना एके काळी अक्षरओळख नव्हती, त्या बायका खिळे जुळवत, छपाई करत. काम वर्षानुवर्षं चाललं. 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, जिच्या हाती सगळं सोपवायचं ठरलं होतं ती. आईने काम थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला 1924 साली. तो त्यांना बघायला मिळाला नाही. या आज्ञापालनात स्वतःच्या गोठ्यात काही गेल्याचं मला तरी दिसत नाही.

नगरचे आम्ही लोक टिळकांचंही नाव घेतो. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आमच्या मराठी उपासनेला सूर दिला, ‘ज्ञानोदय’ सांभाळला. आणि 1917 मध्ये आपली मिशनमधली नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत होते. पण मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या झाल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, सोवळं सांभाळलं. पुढे स्वतः विचार करता करता आधी त्यांनी जातीचा विटाळ मनातून काढून टाकला, आणि नंतर, 1900 साली, बाप्तिस्मा घेतला. मत्तयाच्या 21 व्या अध्यायात द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितलेल्या दोन मुलांचा दृष्टांत आहे. एकाने बापाच्या तोंडावर नाही म्हटलं आणि मागाहून तो गेला. दुसरा हो म्हणाला आणि गेला नाही. लक्ष्मीबाई त्या पहिल्या मुलासारख्या. आमच्या चर्चच्या बाकांवर मात्र दुसऱ्याची गर्दी असते, आणि कौतुकही त्याचंच होतं, कारण त्याचा होकार ऐकायला गोड लागतो.

माझे वडील साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. काटामारी म्हणजे काय हे नगर, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. गळीत हंगामात रात्रभर उसाच्या गाड्या लागायच्या, आणि दर गाडीमागे थोडं वजन कमी दाखवायचं, असा तोंडी निरोप वरून आला. वडिलांनी नाही म्हणून सांगितलं. आरडाओरडा नाही, तक्रारअर्ज नाही; पावतीवर जेवढं वजन तेवढंच लिहीन, एवढंच. हंगाम अर्ध्यावर असताना त्यांना काट्यावरून काढून गव्हाणीवर रात्रपाळीला टाकलं. पगारातला भत्ता गेला, थंडीत दम्याने उचल खाल्ली. आई एकदा म्हणाली, सगळेच करतात, तुम्ही एकट्याने काय साधलं? ते म्हणाले, मी ऊस तोलतो, मला तोलणारा वेगळा आहे.

चर्चमध्ये साक्ष देण्याची पद्धत आहे. लोक उठून सांगतात: नोकरी लागली, मुलाला व्हिसा मिळाला, गाठ साधी निघाली. देवाचे उपकार मानावेतच. पण वडिलांनी त्या गव्हाणीची साक्ष कधी दिली नाही, आणि दिली असती तर तिचं काय करायचं ते मंडळीला कळलं नसतं. विश्वासू राहिलो म्हणून बढती मिळाली, ही साक्ष आम्हाला समजते. विश्वासू राहिलो म्हणून रात्रपाळी मिळाली, ही कुणी ऐकायला तयार नाही. ज्याच्या नावाने आम्ही जमतो तो गेथशेमाने बागेत घाम गाळून प्याला टळावा म्हणून विनवत होता, आणि प्याला टळला नाही. हे दर शुभ शुक्रवारी वाचूनही आम्ही आशीर्वादाचा हिशेब घेऊनच घरी जातो.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते. माझी आजी नेवासे तालुक्यातल्या महारवाड्यातली. तिच्या सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं. गावाने बलुतं बंद केलं. पोटासाठी बाटले, हे वाक्य आमच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या ऐकलं आहे. त्याचं उत्तर मी इथे देते. 1876-77 च्या दुष्काळात मिशनच्या दारात धान्यासाठी माणसं आली, हे खरं आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. भुकेला माणूस जिथे अन्न मिळेल तिथे जातो. पण दुष्काळ सरला. मिशनऱ्यांचे पैसे आटले. गोरे निघून गेले. पोटासाठी आलेली माणसं त्यानंतर का राहिली? राहण्यात पोटाचं नुकसानच होतं.

ते नुकसान कायद्यात लिहिलेलं आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना आजही नाही. महाराष्ट्रात ओबीसीच्या यादीत जागा मिळते, पण अनुसूचित जातीच्या जागा मिळत नाहीत, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण मिळत नाही. गावात आमच्या माणसाला जातीवरून शिवी देणारा त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला बघून थांबत नाही; पोलीस ठाण्यात मात्र तो दाखला आडवा येतो. म्हणून कित्येक घरांत दोन नावं असतात: शाळेच्या दाखल्यावर एक, मंडळीच्या रजिस्टरात दुसरं. जनगणनेच्या कागदावर एक धर्म, रविवारी दुसरा.

वडिलांनी माझ्या आणि भावाच्या दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ लिहिलं. पावतीवर खरं वजन लिहिणारा माणूस दाखल्यावर दुसरं काही लिहिणं शक्य नव्हतं. भावाला त्याची किंमत इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी मोजावी लागली. वडील बरोबर होते, असं माझं मत आहे. कागदावर खरं लिहिणं हा देवाशी विश्वासू राहण्याचाच भाग आहे. तरीही ज्या आईने लेकराच्या शिक्षणासाठी दुसरं नाव लिहिलं, तिच्याकडे बोट दाखवायचा अधिकार मला नाही, आणि मंडळीला तर मुळीच नाही. गरिबाला ख्रिस्त किंवा शिष्यवृत्ती यांतलं एक निवडायला लावणारा कायदा अन्यायाचा आहे. तो बदलावा म्हणून किती पाळकांनी व्यासपीठावरून आवाज उठवला? आणि बदलत नाही तोवर त्या लेकरांची फी कुणी भरायची, यावर किती कमिट्यांत ठराव झाला?

ज्या मंडळ्या आज्ञापालनाचे संदेश देतात, त्यांच्याच नावावर मिशनने ठेवलेल्या जमिनी, बंगले, शाळा, मैदानं आहेत. त्यांतल्या कितीतरी कोर्टकज्ज्यांत अडकल्या आहेत, धर्मादाय आयुक्तांकडे फायली पडून आहेत, कुठे भाडं कुणाच्या खिशात जातं ते सभासदांना माहीत नाही. विचारणाऱ्याला बंडखोर म्हणतात आणि मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाचं उदाहरण देतात. पेत्राने न्यायसभेसमोर उभं राहून माणसांपेक्षा देवाचं ऐकण्याबद्दल काय सांगितलं, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या 5 व्या अध्यायात आहे. ती न्यायसभा धर्माच्या पुढाऱ्यांचीच होती, हे विसरून चालणार नाही.

पाळकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. खेड्यापाड्यांत तुटपुंज्या पगारावर, मोटारसायकलवरून पाच-सहा गावांच्या मंडळ्या सांभाळणारे पाळक मी जवळून पाहिले आहेत. मरणाच्या दारातल्या माणसाजवळ ते रात्रभर बसतात, आणि त्यांची बायको न सांगता पाहुण्यांसाठी भाकरी थापते. त्यांना मान मिळतो तो मागून नव्हे. ज्यांना तो मागावा लागतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

वार्षिक सभा जवळ आल्या आहेत. माझी सगळ्या मंडळ्यांच्या सेक्रेटरींना आणि खजिनदारांना विनंती आहे: यंदा मिळकतींचा आणि भाड्याचा पूर्ण हिशेब चर्चच्या दारावर लावा, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरांत, आणि अर्पणाची थाळी त्यानंतर फिरवा. त्याच सभेत एक ठराव मांडा, की दाखल्यावर खरा धर्म लिहिल्यामुळे ज्या मुलांची सवलत गेली, त्यांच्या शिक्षणाचा खर्च त्या भाड्यातून होईल. कुणी मांडत नसेल तर सभासदांनी, विशेषतः बायकांनी आणि तरुणांनी, उठून मांडावा. तुम्हाला गप्प बसायला सांगतील. बसू नका.